आमची वाटचाल : एका रोझमेरीवर उभी राहिलेली रोपवाटिका

सुरुवातीला आमच्याकडे सगळंच असायचं: फुलझाडं, शोभेची झाडं, मोसमी रोपं. रोझमेरी, म्हणजे सुगंधी पानांचं ते झुडूप, एका वाफ्यापुरती. पण गिऱ्हाईक आलं की तिच्याच पानांवरून हात फिरवणार, बोटं हुंगणार आणि विचारणार, "घरी जगेल का हो?" हळूहळू बाकीचा पसारा कमी झाला आणि रोझमेरी मुख्य झाली.

बियांच्या वाटेला आम्ही गेलो नाही. रोझमेरीचं बी उशिरा आणि तुरळक उगवतं, शिवाय रोप मूळ झाडासारखंच निघेल याची खात्री नसते. विकायला माल एकसारखा लागतो, म्हणून छाट कलम. फुलावर नसलेल्या फांदीचा ८-१० सेंटिमीटरचा शेंडा पेराच्या जरा खाली कापायचा, बुडाकडची पानं उतरवायची आणि पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे) आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या ट्रेमध्ये खोचायचा. उजेड भरपूर हवा, थेट ऊन नको. मुळं धरायला साधारण ४ ते ८ आठवडे लागतात. नवा कामगार हमखास रोज काडी उपटून बघतो!

आमचं खरं भांडवल म्हणजे मातृझाडं, ज्यांच्यापासून कलमं घेतो ती. त्यांना नत्र हात राखूनच देतो, नाहीतर फूट लुसलुशीत येते आणि कलमं ट्रेमध्येच सडतात. छाटणी नेहमी हिरव्या भागात; पानं नसलेल्या जून लाकडात कात्री गेली तर तिथून सहसा पुन्हा फूट येत नाही. झाड फारच लाकडाळलं की त्याच्याच कलमातून नवं मातृझाड तयार करतो. जमिनीलगत पसरणाऱ्या जातीला दाब कलम (फांदी न तोडता मातीत दाबून मुळं फुटू देणं) सोपं पडतं. २०१७ मध्ये संशोधकांनी रोझमेरीला साल्व्हिया या प्रजातीत (जीनसमध्ये) घातलं, तेव्हा शास्त्रीय नाव बदललं आणि पाट्यासुद्धा नव्याने कराव्या लागल्या.

विक्री वाढली तशी एकच तक्रार वाढली: "रोज पाणी घालतोय, तरी वाळतंय." रोझमेरी मुळात भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, कोरड्या उतारांवरची. ओल साचली की मुळं कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, झाड तहानलेलं दिसतं आणि माणूस आणखी पाणी ओततो. म्हणून आता प्रत्येक रोपासोबत कार्ड जातं: वरची २-३ सेंटिमीटर माती सुकल्याशिवाय पाणी नाही, कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू द्यायचं नाही.

आणि रोप देण्याआधी ऊन विचारतो. दिवसाला सहा तास मिळत नसेल, तर सरळ पुदिना घ्या म्हणतो.