गॅदरिंग, बीजिंगचं

बीजिंग लँग्वेज अँड कल्चर युनिव्हर्सिटीत दरवर्षी जो जागतिक संस्कृती महोत्सव भरतो, त्याला आम्ही तिथली दोन-चार मराठी टाळकी सरळ 'गॅदरिंग' म्हणायचो. हे विद्यापीठ 1962 साली परदेशी विद्यार्थ्यांना चिनी शिकवण्यासाठीच निघालं. चिनी लोक त्याला कौतुकानं 'छोटं संयुक्त राष्ट्र' म्हणतात, आणि शंभरावर देशांची पोरं एका कॅन्टीनमध्ये जेवताना पाहिली की ते पटतंही. महोत्सव 2004 साली सुरू झाला. देशागणिक एक स्टॉल, देशोदेशींच्या पोशाखांतली मिरवणूक, स्टेजवर नाचगाणी आणि दिवसभर खादाडी.

एरवी आमचं आयुष्य फारच एकसुरी होतं. सकाळी आठला वर्ग. वाटेत च्यानबिंगच्या गाडीवर थांबायचं. गाडीवाल्या काकू तव्यावर पीठ गोल फिरवून त्यावर अंडं फोडायच्या, कोथिंबीर-पात भुरभुरायच्या आणि तिखट घालू का, असं रोज न चुकता विचारायच्या. वर्गात बसल्या बसल्या श्रुतलेखन. दुपारी झोप, संध्याकाळी तीच तीच अक्षरं चौकटीच्या वहीत गिरवायची, खोलीत गरम पाण्याचा थर्मास. एचएसके ही चिनीची परीक्षा याच विद्यापीठात तयार झालेली, त्यामुळे तिच्याबाबतीत शिक्षिकांना सूट देणं ठाऊकच नव्हतं. आमच्या वेळी पाचव्या पातळीला अडीच हजार शब्द लागत, सहाव्या पातळीला पाच हजार. आकडा ऐकूनच काही जण चौथ्यावर समाधान मानायचे.

गंमत म्हणजे माझं चिनी सुधारलं ते चिनी माणसांशी बोलून नव्हे. विद्यापीठाजवळच्या वूदाओकोउ भागातल्या दुकानांत तोंड उघडलं की समोरचा एक तर फार भरभर बोलायचा किंवा लगेच इंग्रजीवर यायचा. मात्र शेजारच्या खोलीतली कझाक मुलगी, वरच्या मजल्यावरचा सुदानी आणि बाकावरची इंडोनेशियन यांच्याशी बोलायला चिनीशिवाय दुसरी भाषाच नव्हती. सगळ्यांचे शब्द तेवढेच, चुकाही त्याच. आमचं आम्हाला सगळं कळायचं, भांडणंसुद्धा. आणि भांडायची खरी संधी गॅदरिंगला.

पहिलं भांडण समोशावरून. आमच्या स्टॉलवर समोसे होते, पलीकडे उझबेकांच्या स्टॉलवर साम्सा. त्यांचा भट्टीत भाजलेला, आत मटण आणि कांदा. आमचा तळलेला, आत बटाटा. त्यांचं म्हणणं, समोसा मुळात मध्य आशियातला, तुम्ही उचललात. आता इतिहास त्यांच्याच बाजूनं आहे, पण म्हणून भर स्टॉलवर कबूल कोण करणार? शेवटी एकमेकांचे चार-चार खाऊन तह झाला. तोवर डावीकडच्या मंगोल मुलांनी दुधाचा चहा मांडला होता. दूध पाहून आमचा एक नाशिककर धावत गेला, मोठा घोट घेतला आणि चेहरा पाडून परत आला. चहात मीठ होतं. मंगोलांनीही आमचा आल्याचा गोड चहा चाखून तसाच चेहरा केला, म्हणजे फिट्टंफाट.

खरी गर्दी व्हायची मेंदीला. घरून आणलेले कोन संपेपर्यंत रांग हलायची नाही. लहान मुली, त्यांच्या आया, एकदा तर गणवेशातला एक सुरक्षारक्षकही तळहात पुढे करून उभा राहिला. मेंदी काढताना दोन्ही बाजूंना हलता येत नाही, त्यामुळे गप्पा माराव्याच लागतात. वर्गातल्या संवादाच्या तासाला जे जमलं नव्हतं ते तिथे तासन्‌तास चालायचं. आमच्या वर्गशिक्षिका चक्कर मारायला आल्या की स्टॉलमागे उभ्या राहून ऐकायच्या. मी "या, चाखून बघा" असं ओरडले की गिऱ्हाइकासमोरच माझा स्वर, म्हणजे चिनी शब्दातला आवाजाचा चढउतार, दुरुस्त करायच्या, बोट वर-खाली नाचवत. मी पुन्हा म्हणायचं, गिऱ्हाईकही माझ्याबरोबर म्हणून दाखवायचं, मग समोसा.

अशाच एका वर्षी एक आजोबा स्टॉलवर आले. "भारत?" म्हणाले आणि लगेच "ख तीहुआ!" असं म्हणून अंगठा वर केला. म्हणजे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस, हे त्यांचं चिनी नाव. सोलापूरचा हा माणूस 1938 मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेला आणि 1942 मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारला. शिजियाझुआंग शहरात त्यांचं स्मारक आहे, लोक तिथे फुलं वाहतात. मी सोलापूरच्या जवळचीच म्हटल्यावर आजोबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि चहाचे पैसे जास्तच दिले. आपल्याकडे किती जणांना कोटणीस आठवतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मिरवणुकीत भारत म्हणजे भांगडा, हे दरवर्षी ठरलेलं. भांगड्याशी माझं वैर नाही, पण सलग इतकी वर्षं तेच? एकदा सुट्टीहून येताना आम्ही लेझमी आणल्या. सामानाचं वजन वाढलं म्हणून विमानतळावर दोन जोड कपडे अंगावर चढवावे लागले. संध्याकाळी मैदानाच्या कडेला सराव. तिथे रोज सातच्या सुमाराला आसपासच्या बायका स्पीकर लावून सामूहिक नाच करत. सगळ्या साठीच्या पुढच्या. दोन दिवस त्यांनी लांबून पाहिलं. तिसऱ्या दिवशी एक मावशी आल्या, हातातली लेझीम घेतली, खुळखुळ वाजवून पाहिली आणि "मोजा" म्हणाल्या. ई, अर, सान, स. चार पावलांत त्यांनी ठेका धरला! आमच्यातल्या पुणेकराला जो वाकून उठण्याचा भाग आठवडाभर जमत नव्हता, तो त्यांना पाच मिनिटांत आला. पुढे त्यांच्या स्पीकरवरच्या गाण्यावर आमची लेझीम आणि आमच्या हलगीच्या रेकॉर्डिंगवर त्यांचा नाच असं चालायचं. मिरवणुकीच्या दिवशी त्या कडेला उभ्या राहून मोठ्यानं आकडे मोजत होत्या, कारण आमचा भरवसा त्यांना नव्हता.

हिवाळ्यातलं संमेलन छोटं. बीजिंगला 15 नोव्हेंबरला घराघरांतलं हीटिंग सुरू होतं, त्यानंतर महिनाभरानं दक्षिणायन संपतं. त्या दिवशी च्याओझ, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, खाल्ले नाहीत तर थंडीनं कान गळून पडतात, असं उत्तरेत म्हणतात. वर्गा-वर्गात पीठ, सारण आणि लाटणी यायची. मुसलमान मुलांसाठी वेगळं टेबल, आम्हा अर्ध्यामुर्ध्या शाकाहाऱ्यांसाठी अंडं आणि चिनी पातीचं सारण. माझ्या बोटांना कळ्या पाडायची सवय, त्यामुळे ताटात मोदक बसले. शिक्षिकांनी ते उचलून सगळ्यांना दाखवलं: हा च्याओझ नाही, हा बाओझ, म्हणजे वाफवायचा गोल प्रकार, आणि बाओझ उकळत्या पाण्यात टाकत नाहीत. मग माझ्यासाठी वेगळी वाफवण्याची टोपली आणली गेली. जेवणानंतर प्रत्येक वर्गाचं गाणं. सात वर्गांनी चंद्रावरचं एकच प्रेमगीत म्हटलं, उत्तरोत्तर बेसूर.

2020 मध्ये सगळंच थांबलं. माझ्या मागून प्रवेश घेतलेली एक सोलापूरची मुलगी दोन वर्षं घरूनच शिकली. तिकडचा आठचा वर्ग म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. आई उठायच्या आधी पोरगी अंधारात स्वर घोकतेय, म्हणून शेजाऱ्यांना काळजी वाटायला लागली होती म्हणे. व्हिसा पुन्हा मिळू लागल्यावर ती एकदाची पोचली, आणि पहिलाच प्रश्न आला: स्टॉल घ्यायचा तर काय काय लागतं?

मी यादी पाठवली. कोन दुप्पट आण, बेसन तिथे सहज मिळत नाही, उझबेकांशी वाद घालू नकोस. लेझमी आम्ही परत आणल्याच नाहीत. सहा त्या मैदानावरच्या मावशींकडे आहेत, संध्याकाळी सातला जाऊन माग. देतीलच असं नाही.