थांबलेली गाडी : साठीनंतरच्या मोटारसायकल निवडीच्या नोंदी

फेब्रुवारी

गेल्या रविवारी माझी गाडी पडली आणि तेव्हापासून जो विचार चालू आहे, तो पुढच्या काही महिन्यांत या नोंदींमध्ये मांडत जाणार आहे. माझी बुलेट स्टँडर्ड 350 ही 1991 सालची, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक असलेली. 1994 साली साताऱ्यात मी ती जुनी विकत घेतली. कासहून परतताना यवतेश्वरच्या घाटात, मागे राहिलेल्या मित्राला पाहण्यासाठी मी गाडी वळवत होतो आणि वेग जवळजवळ शून्यावर आला होता. टेकवण्यासाठी उजवा पाय खाली सोडला, तिथे डांबराची कड संपून मुरूम सुरू होत होता आणि जमीन माझ्या अपेक्षेपेक्षा चार बोटे खाली होती. तेवढ्या अंतरात गाडी इतकी कलली की ती धरून ठेवण्याची ताकद मांडीत उरली नाही. मला लागले नाही. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकत असताना मी दोनदा गाडी उचलण्याचा प्रयत्न केला, पण ती हलली नाही. शेवटी मागून आलेल्या दोन मुलांनी ती उभी करून दिली.

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मला स्पष्टपणे जाणवलेली गोष्ट अशी, की आपली उतरती ताकद धावत्या गाडीवर फारशी कळत नाही. चालत्या गाडीला चाकेच सावरून धरतात. वय कळते ते गाडी थांबताना, वळवताना, उतारावर मागे ढकलताना आणि स्टँडवर चढवताना. म्हणून नवी गाडी निवडायची तर ती किती पळते यावरून नव्हे, तर थांबल्यावर ती मला किती पेलते यावरून निवडायची, असे मी ठरवले आहे.

एप्रिल

सुरुवात स्वतःच्या मापांपासून केली. भिंतीला पाठ लावून, अनवाणी उभे राहून, पायांमध्ये एक जाड पुस्तक वर सरकवून घेतलेले जमिनीपासून जांघेपर्यंतचे माप 76 सेंटिमीटर आले, आणि बुटाच्या तळव्याचे दोन सेंटिमीटर धरले तर 78. उजव्या गुडघ्याची गादी झिजलेली असल्यामुळे किक मारण्याचा प्रश्नच आता बाद झाला आहे. डिकॉम्प्रेसर म्हणजे सिलिंडरातला दाब सोडणारी कळ दाबून, अ‍ॅम्पिअर मीटरचा काटा मध्यावर आणून, मग एका दमात किक मारायची ही ज्या क्रियेची मला तीस वर्षे मनापासून आवड होती, तीच गुडघ्याला सर्वांत महाग पडते. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी दुखणे आहे, त्यामुळे क्लच हलका हवा. कमरेचा जुना त्रास आहे. डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात आहे आणि समोरून येणाऱ्या दिव्यांचा झोत पसरलेला दिसतो, म्हणून अंधारात गाडी चालवायची नाही हे मी आधीच ठरवून टाकले आहे. त्यामुळे हेडलाइट किती प्रखर आहे हा निकष माझ्या यादीत नाही.

शोरूममध्ये जाऊन पाहण्याचा अनुभव समाधानकारक नव्हता. एका ठिकाणी विक्रेता फक्त अ‍ॅव्हरेज आणि पॉवर सांगत राहिला. चाचणीसाठी मिळालेला रस्ता सपाट आणि जेमतेम किलोमीटरभर होता, आणि माझ्या परीक्षेला त्याचा काही उपयोग नव्हता. त्यामुळे आमच्या गटातील मित्रांच्या गाड्या एकेक दिवस मागून घेतल्या. परीक्षा प्रत्येकीची एकच. आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळच्या उतारावर, पुढचे चाक उताराच्या दिशेने ठेवून, इंजिन बंद असताना गाडी दहा पावले मागे चढावर ओढायची. रेनकोट आणि बूट घालून तिच्यावर बसायचे. क्लच वीस वेळा दाबायचा. आणि शेवटी पत्नीला मागे बसवून उतरवायचे.

जून

चार गाड्या पाहून झाल्या. आकडे मित्रांच्या उपयोगाला यावेत म्हणून लिहून ठेवतो.

रॉयल एन्फील्डची मिटिअर 350 बसण्यासाठी मला सर्वांत आवडली. सीट 765 मिलिमीटर उंच असल्यामुळे दोन्ही पाय टाचेसकट जमिनीवर टेकतात आणि थांबताना मन निश्चिंत असते. पण तिचे वजन 191 किलो आहे आणि चढावर मागे ओढताना सातव्या पावलाला मी थांबलो. होंडाची हायनेस सीबी 350 ही 181 किलोची, म्हणजे दहा किलोंनी हलकी. हा फरक वाचताना लहान वाटतो, हातांना तो चांगलाच जाणवतो. शिवाय तिचा क्लच आजवर मी दाबलेल्या क्लचांमध्ये सर्वांत मऊ निघाला. याचे कारण तिचा असिस्ट-स्लिपर क्लच. त्यात इंजिनाचा जोरच क्लचच्या चकत्या एकमेकींवर घट्ट दाबायला मदत करतो, म्हणून आत कमी ताकदीच्या स्प्रिंगा पुरतात आणि बोटांवरचा ताण उतरतो. अंगठ्याच्या दुखण्याला याइतका उपयोगी शोध दुसरा नाही, असे माझे प्रामाणिक मत झाले आहे.

कागदावर सर्वांत योग्य ठरत होती ती बजाजची अ‍ॅव्हेंजर 220 क्रूझ : सीट 737 मिलिमीटर, वजन 163 किलो. तिच्यावर मी मेढ्यापर्यंत जाऊन आलो. तिचे फूटरेस्ट पुढे असतात आणि पाय लांब करून बसण्यात सुख आहे यात शंका नाही, पण पाय पुढे असले की खड्डा आल्यावर फूटरेस्टवर भार देऊन किंचित उठता येत नाही, आणि बसणारा प्रत्येक हादरा माकडहाडातून थेट वर चढतो. ज्यांची कंबर धड आहे, त्यांनी तिचा अवश्य विचार करावा. माझ्या कमरेला तिसऱ्या दिवसापर्यंत शेक द्यावा लागला.

टीव्हीएसची रोनिन मी जवळजवळ पाहणारच नव्हतो, कारण सीट 795 मिलिमीटर. माझे माप 780, तेव्हा पाय पोचणार नाहीत हा सरळ हिशेब होता, आणि तो चुकला. सीट पुढच्या बाजूला अरुंद आहे, त्यामुळे मांड्या फाकत नाहीत आणि पाय सरळ खाली जातात. शिवाय बसल्यावर माझ्या वजनाने सस्पेन्शन थोडे दबते. दोन्ही पायांचे चवडे पूर्ण टेकले, आणि एका बाजूला किंचित सरकले तर एक पाय टाचेसकट टेकला. सीटची उंची वाचून गाडी बाद करू नका, तिच्यावर बसून पाहा, असे मी माझ्या वयाच्या प्रत्येक मित्राला सांगेन. वजन 160 किलो. दहा पावले मागे ओढल्यावर मला धाप लागली नाही आणि मी आणखी पाच पावले ओढली.

पत्नीची परीक्षा मात्र वेगळी होती. तिचाही एक गुडघा दुखतो. आधी फूटरेस्टवर पाय देऊन, माझ्या खांद्याला धरून चढणे तिला जमते, पण त्या क्षणी तिचे सगळे वजन एका बाजूला येते आणि गाडी सरळ धरून ठेवण्याची जबाबदारी माझ्या पायांवर पडते. "अहो, तुम्ही दोन्ही पाय नीट रोवा, मग मला सांगा, मी चढते," असे ती म्हणाली आणि तोच क्रम आम्ही कायम केला. 191 किलोंच्या गाडीवर या क्षणी माझे पाय थरथरले होते. 160 किलोंच्या गाडीवर थरथरले नाहीत.

ऑगस्ट

आता त्या प्रश्नाविषयी लिहितो, ज्याचा मी सुरुवातीला विचारच केला नव्हता. तीस वर्षे माझा डावा पाय ब्रेक दाबत आला आहे, आणि आजच्या सर्व गाड्यांवर डाव्या पायाखाली गिअर असतो. मित्रांच्या गाड्या चालवताना शांत रस्त्यावर मला काहीच अडचण आली नाही. पण कोडोलीजवळ एक कुत्रे अचानक आडवे आले, तेव्हा माझा डावा पाय पूर्ण जोराने खाली गेला. गाडीचा ब्रेक लागला नाही, गिअर पडला. पुढचा ब्रेक हाताने दाबला गेला म्हणून निभावले. डोक्याने शिकलेली नवी सवय घाईच्या क्षणी बाजूला पडते आणि पायात मुरलेली जुनी सवय पुढे येते, आणि या वयात ती घालवायला तरुणपणापेक्षा जास्त दिवस लागतात.

म्हणून महिनाभर रोज सकाळी सहा वाजता एका मोकळ्या मैदानावर अर्धा तास सराव केला. ताशी वीस-पंचवीस किलोमीटर वेगावरून, मनात अंक न मोजता, अचानक थांबायचे. पहिल्या आठवड्यात दहांपैकी तीन-चार वेळा चुकीचा पाय दाबला जाई. चौथ्या आठवड्यात एकदाही नाही. याच अनुभवामुळे दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेलीच गाडी घ्यायची असे ठरले. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे, पण काही गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये ते फक्त पुढच्या चाकाला असते, हे घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

याचा दुसरा परिणाम मला जड गेला. बुलेट ठेवून नवी गाडी घ्यायची असे मनात होते, पण आज एका पायाने आणि उद्या दुसऱ्या पायाने ब्रेक लावणे माझ्या पायांना झेपणार नाही. बुलेट पुतण्याकडे दिली. तो तीवरच गाडी शिकला आहे आणि मेस्त्रीही तोच जुना आहे.

ऑक्टोबर

दोन्ही चाकांना एबीएस असलेली रोनिन घरी आली आणि पहिले आठशे किलोमीटर झाले. जे गमावले तेही लिहायला हवे. आजच्या 350 सीसीच्या रॉयल एन्फील्ड 27 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, देतात, हिचा जवळजवळ 20 आहे. केळघर घाटात पत्नी मागे असताना तिसऱ्या गिअरवर गाडी संथपणे चढत राहील ही बुलेटची सवय इथे चालत नाही. वळणाआधीच दुसरा टाकावा लागतो. गिअर जास्त वेळा बदलावे लागतात, आणि ते निभते कारण हिलाही असिस्ट-स्लिपर क्लच आहे.

बामणोलीपर्यंतच्या फेरीत खांद्यांच्या मधोमध किंचित ओढ जाणवली. हँडल सुमारे वीस मिलिमीटर वर आणि थोडे माझ्याकडे आले तर ती जाईल असे वाटते. रायझर, म्हणजे हँडल वर उचलणारा जोड, बसवण्यापूर्वी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून क्लचची केबल आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो का, हे मेस्त्रीसमोर तपासणार आहे. केबल ताणली गेली तर क्लच पुन्हा जड होईल, आणि तसे असेल तर रायझर दहा मिलिमीटरचाच घेईन.