मराठी माध्यमातला इंग्रजीचा तास : पुस्तकाचे ३० आणि बाकीचे ५०

दहावीला मराठी माध्यमात इंग्रजी ही तृतीय भाषा. लेखी ८० गुण, वेळ ३ तास, शिवाय २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. या ८० गुणांची फोड एकदा कागदावर मांडून बघा. भाषाभ्यास १०, पुस्तकातले दोन उतारे मिळून २०, कविता १०, पुस्तकाबाहेरचा उतारा आणि सारांश १५, लेखनकौशल्य २०, भाषांतर ५. पुस्तकातून थेट येतात ते उतारे आणि कविता, म्हणजे ३०. बाकीच्या ५० गुणांसाठी मुलाला स्वतःच्या हाताने काहीतरी लिहिता यावं लागतं.

आणि आपले तास कशावर खर्च होतात? एक ओळ वाचायची, मराठीत अर्थ सांगायचा, पुढची ओळ. धडा संपला की स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावर, मुलं उतरवून घेतात, वह्या पूर्ण. पर्यवेक्षकांना दाखवायला सगळं नीटनेटकं असतं. पण महिनाभर मुलाने स्वतःचं असं एकही वाक्य लिहिलेलं नसतं. मग सराव परीक्षेत अनोळखी उतारा आला की पानभर कोरं. त्याला ‘पाया कच्चा’ म्हणून मोकळं होता येतं, पण खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

३५ मिनिटांच्या तासाची वाटणी साधारण अशी करता येते : पहिली ५ मिनिटं फळ्यावरचा छोटा प्रश्न, मग १५ मिनिटं उतारा, १० मिनिटं लेखन. उरलेली ५ हजेरी, गडबड आणि गृहपाठ सांगण्यात जातातच, ती आधीच वजा धरलेली बरी.

फळ्यावरचा प्रश्न पहिल्या, म्हणजे भाषाभ्यासाच्या प्रश्नातल्या कृतींपैकी असावा : शब्दसाखळी (आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराने पुढचा शब्द सुरू करायचा), एका शब्दातून चार शब्द, विरामचिन्हं, वर्णानुक्रम, गाळलेली अक्षरं. रोज एकच प्रकार. दिसायला पोरखेळ वाटतात, म्हणून शिक्षक ते ‘मुलांचं मुलं करतील’ म्हणून सोडून देतात आणि हमखास मिळणारे गुण इथेच गळतात. विशेषणांची साखळी घ्या. ‘रेड’ने सुरुवात, पुढे ‘डार्क’, ‘काइंड’, ‘डीप’, ‘प्युअर’. जमलं. आता सुरुवातीला ‘लार्ज’ द्या. निम्मा वर्ग ‘जॉली’ किंवा ‘गुड’ लिहील. शब्द ‘ई’ या अक्षराने संपतो, पण मुलाच्या कानात शेवटी ‘ज’ वाजतो, आणि मराठीत जे वाजतं तेच लिहिलं जातं. ‘नाइस’, ‘ब्रेव्ह’, ‘क्यूट’ यांचंही तेच. उपाय साधा आहे : साखळी सोडवताना प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग मोठ्याने म्हणायचं आणि शेवटच्या अक्षराभोवती गोल करायचा. पंधरा दिवसांत सवय लागते. दुसरी चूक म्हणजे विशेषणांच्या साखळीत ‘डोअर’सारखं नाम घुसणं. त्याला कसोटी अशी की शब्दापुढे ‘बॉय’ किंवा ‘बॉक्स’ जोडून बघायचं.

एका शब्दातून चार शब्द करताना ‘एज्युकेशन’मधून ‘कॅट’, ‘आइस’, ‘ड्यू’, ‘डेट’ निघतात, पण ‘नून’ नाही, कारण त्यात ‘एन’ दोनदा लागतो आणि मूळ शब्दात तो एकदाच आहे. शब्द किमान तीन अक्षरांचा हवा. हे दोन नियम फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवा.

विरामचिन्हांत सगळ्यात जास्त घसरतं ते मोठ्या लिपीतलं अक्षर. आपल्या लिपीत हा प्रकारच नाही, त्यामुळे वार, महिने, गावांची नावं आणि ‘मी’साठीचा ‘आय’ वर्षभर टोकत राहावा लागतो.

आता उतारा. वाचून दाखवण्याआधीच दोन प्रश्न फळ्यावर लिहा. मग एकदा मोठ्याने वाचा, नंतर मुलांना चार मिनिटं मनात वाचू द्या. काय शोधायचंय ते ठाऊक असलं की मागच्या बाकावरचाही वाचतो. अर्थ सांगायचे ते चार-पाचच शब्दांचे, ज्यांच्यावाचून उतारा अडतो तेवढेच. बाकीचे अंदाजाने लावू द्या, कारण परीक्षेत पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला अर्थ सांगणारं कोणी नसतं. सुरुवातीला वर्गात चुळबुळ होते, “सर, मराठीत सांगा ना” असा सूर निघतो. तो ऐकून पहिल्याच आठवड्यात माघार घेतली तर पुढे सगळं वर्ष भाषांतरातच जातं. पूर्ण धड्याचा मराठी गोषवारा शेवटी पाच-सहा वाक्यांत सांगायला हरकत नाही.

उताऱ्याखालच्या पाच कृतींपैकी शेवटची स्वमताची, २ गुणांची. तिथे मुलं उताऱ्यातलंच वाक्य उचलून ठेवतात. वर्षानुवर्षं उत्तर म्हणजे ‘उताऱ्यात शोधून उतरवायचं’ हेच शिकलेली असतात, त्यांचा काय दोष! स्वमताचा सराव करताना पुस्तक मिटायला लावायचं. ‘आय थिंक’ने एक वाक्य, ‘बिकॉज’ने दुसरं, स्वतःच्या घरातलं किंवा गावातलं एक उदाहरण हे तिसरं. तीन वाक्यं पुरतात.

लेखनाच्या १० मिनिटांत आख्खं पत्र किंवा आख्खा परिच्छेद होत नाही, आणि करायचाही नाही. पत्राचे तुकडे पाडा. सोमवारी फक्त पत्ता, तारीख आणि विषयाची ओळ. मंगळवारी पहिला परिच्छेद, दोन वाक्यांचा. बुधवारी दिलेल्या मुद्द्यांतले कोणतेही दोन वाढवून चार वाक्यं. गुरुवारी शेवट. शुक्रवारी घरून आख्खं पत्र पक्कं लिहून आणायचं. हा एकच गृहपाठ पूर्ण पानाचा, बाकी रोजचे पाच ओळींच्या आतले. पत्रात नेहमी चुकतं ते असं : प्रश्नातले मुद्दे तसेच्या तसे उतरवणं, ‘युअर्स’मध्ये नसलेला अ‍ॅपॉस्ट्रॉफी घुसवणं, आणि प्रश्नात दिलेलं नाव सोडून स्वतःचं नाव आणि शाळा लिहिणं. शेवटची चूक वर्गातच मोडून काढा, उत्तरपत्रिकेत ओळख उघड होता कामा नये.

संवादलेखनात किमान तीन संवादफेऱ्या मागतात. एक फेरी म्हणजे एकाचं बोलणं आणि दुसऱ्याचं उत्तर. म्हणजे ओळी सहा. मुलं तीन ओळी लिहून थांबतात. शिवाय उत्तरं ‘येस’, ‘ओके’, ‘थँक्यू’ अशी असतात. त्यासाठी वर्गात एक नियम ठेवता येतो : प्रत्येक उत्तरात किमान पाच शब्द आणि त्यातूनच पुढचा प्रश्न निघाला पाहिजे.

माहितीचं रूपांतर, म्हणजे तक्त्यातली किंवा आकृतीतली माहिती वाक्यांत लिहिणं, हा प्रकार मला सगळ्यात फायद्याचा वाटतो, कारण वाक्यांचा साचा ठरलेला असतो आणि मधल्या फळीतली मुलंही त्यात पूर्ण गुण काढू शकतात. पहिल्यांदा पुस्तकातला तक्ता घेऊ नका. मुलांना स्वतःच्या दिवसाचं वर्तुळ काढायला सांगा : २४ तास म्हणजे ३६० अंश, एक तास १५ अंश. झोप ८ तास, १२० अंश. शाळा ६ तास, ९० अंश. भूमितीच्या तासाचंही थोडं काम होतं. मग या वर्तुळावर पाच वाक्यं : वर्तुळ कशाचं आहे ते एक, सगळ्यात मोठा भाग, सगळ्यात लहान भाग, दोन भागांची तुलना, आणि शेवटी स्वतःचं निरीक्षण. वर शीर्षक. तुलनेच्या वाक्यात ‘मोर बिगर’ येणार हे धरून चाला. ‘जास्त मोठा’ असं आपण सहज म्हणतो, त्याचा तो जसाच्या तसा अवतार. आणि सगळे आकडे एकाच वाक्यात स्वल्पविराम देऊन ओळीने लिहायचे नाहीत, हे दोनदा बजावावं लागतं.

सारांशाला शीर्षक हवं आणि लांबी मूळ उताऱ्याच्या साधारण एक तृतीयांश. मुलं एक आड एक वाक्य उतरवतात. आधी उताऱ्यातली उदाहरणं, आकडे आणि नावं पेन्सिलीने खोडायला लावा, मग उरलेलं वाचून, उतारा झाकून लिहायला सांगा. कवितेच्या रसग्रहणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना आणि आवडलेली ओळ एवढं प्रत्येक कवितेचं एका पानावर असलं की झालं. फक्त ते पान मुलाने भरावं, गाईडने नव्हे.

आता तपासणी, जिथे सगळ्या योजना कोलमडतात. वर्गात ६० मुलं, एका वहीला ५ मिनिटं धरली तरी ५ तास. म्हणून सगळ्या वह्या एकदम गोळा करायच्याच नाहीत. रोज एका रांगेच्या १२, आठवड्यात ६० पूर्ण. तपासताना चूक दुरुस्त करून द्यायची नाही, नुसती खूण करायची : स्पेलिंगला ‘स्पे’, काळाला ‘का’, शब्दक्रमाला ‘क्र’. दुरुस्ती मुलाने करायची, वहीच्या मागच्या पानावर, आणि त्याच धर्तीचं एक नवं वाक्य करायचं. चुकलेलं दहा वेळा लिहायची शिक्षा मात्र बंद करा. मुलं ते उभं लिहितात : आधी दहा वेळा ‘आय’ खाली-खाली, मग शेजारी दहा वेळा ‘अ‍ॅम’, मग पुढचा शब्द. वाक्य असं ते वाचतच नाहीत.

महिनाभर या खुणा मोजल्या तर त्याच त्या चार-पाच चुका फिरून येताना दिसतात, आणि त्यांची मुळं मराठीत असतात. ‘राम हॅव मेनी बुक्स’ का येतं? ‘रामकडे खूप पुस्तकं आहेत’मध्ये क्रियापद पुस्तकांप्रमाणे चालतं, रामप्रमाणे नाही. मुलगा प्रामाणिकपणे तेच करतो. ‘व्हाय यू आर लेट’ येतं, कारण आपण प्रश्न विचारताना शब्दांची जागा बदलत नाही. ‘शी इज अँग्री ऑन मी’ येतं, कारण आपण माणसावर रागावतो. दर सोमवारी यातली एक चूक फळ्यावर घ्या : मराठी वाक्य वर, इंग्रजी वाक्य खाली, कर्त्यापासून क्रियापदाकडे बाण. मुलांना कारण दिसलं की चूक लवकर सुटते. नुसता नियम पाठ करून घेतला तर तो परीक्षेच्या व्याकरणात चालतो आणि पत्रात विसरला जातो.

अंतर्गत २० गुणांसाठी श्रवण-संभाषण शेवटच्या आठवड्यात उरकायची पद्धत सोडून द्यावी. रोज हजेरीपटावरच्या पाच जणांना जोडीदारासोबत एकेक मिनिट बोलायला लावलं तर १२ दिवसांत वर्ग पूर्ण होतो आणि सत्रात दोन-तीन फेऱ्या बसतात. लाजणाऱ्या मुलाला जागेवर बसूनच बोलू द्या. वर्गासमोर उभं राहण्याची भीती आणि इंग्रजीची भीती एकाच वेळी काढायला जाऊ नये.

पूर्वपरीक्षेनंतर राहतो तो वेळेचा प्रश्न. मुलं क्रमाने सोडवत जातात, पहिल्या दोन उताऱ्यांत सव्वा तास घालवतात आणि भाषांतराला पोचेपर्यंत शेवटची घंटा होते. भाषांतरात चार शब्दांना २, दोन वाक्यांना २, एका म्हणीला किंवा वाक्प्रचाराला १, आणि ही उत्तरं मराठीतच लिहायची असतात. तिथे गुण गेले तर ते ऱ्हस्व-दीर्घावर किंवा म्हणीचं शब्दशः भाषांतर केल्यामुळे. हा शेवटचा प्रश्न आधी सोडवायची मुभा द्या. १० मिनिटांत होतो आणि हात मोकळा होतो. नव्या पानावर सुरुवात करायची आणि समासात प्रश्न क्रमांक ठळक लिहायचा, एवढंच.