सरपंचबाई, परत का नाही उभ्या राहिलात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. आणि तुम्ही एकटे नाही, लग्नात विचारतात, एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते, माहेरी गेले तर भावजय विचारते. "पाच वर्षं एवढं केलंत, 2022ला परत का नाही उभ्या राहिलात? जागा तर ओपन होती, थेट निवडणूक होती, आरामात आला असतात की." प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलंय. कुणाला सांगितलं तब्येत, कुणाला मुलीचं शिक्षण, एकाला तर सरळ म्हणाले कंटाळा आला. यातलं काहीच खरं नाही, म्हणजे अगदी खोटं पण नाही, पण ते कारण नाही.

आधी जे कारण नाही ते बाजूला करते. पैशाचं म्हणाल तर आमच्या गावाची वस्ती दोन हजाराच्या आत, सरपंचाचं मानधन आधी महिन्याला 1,000 होतं, 2019ला 3,000 झालं, ते तालुक्याला जाण्यायेण्यातच संपायचं पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. अविश्वास येणार होता म्हणून घाबरली असंही काही जण म्हणतात. आलाच नाही ठराव. थेट निवडून आलेल्या सरपंचाला काढायला तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान, आणि ग्रामसभेला मी कधीच घाबरले नाही. उलट मला ग्रामसभा आवडायची. लोक ओरडायचे, पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे आलेत तर आमचा रस्ता का होत नाही म्हणून, आणि मी उभी राहून सांगायचे की बाबांनो यातले 60 टक्के बंधित आहेत, पाणी आणि स्वच्छतेलाच लावता येतात, रस्त्याला लावले तर मी अडकेन. अर्ध्यांना पटायचं, अर्ध्यांना नाही. ते चालतं.

सगळ्यात जास्त लागायचं ते दुसरंच. "सही बाईची, कारभार नवऱ्याचा." 2017च्या ऑक्टोबरात निवडून आले, थेट सरपंचाची ती पहिलीच खेप, जागा महिला राखीव होती म्हणून उभी केली गेले हे मला मान्य आहे. उभी केली गेले असंच म्हणते, कारण पॅनल ह्यांचं होतं, बॅनरवर माझ्यापेक्षा ह्यांचा फोटो मोठा होता. पण निवडून आल्यावर मी ठरवलं की कारभार मीच करणार. नमुना आठ म्हणजे काय, नमुना नऊ कशाला, मासिक सभेची नोटीस कशी काढायची, सगळं ग्रामसेवकाच्या समोर बसून शिकले. वित्त आयोगाचे पैसे ऑनलाइन काढायला लागले तेव्हा माझ्या डिजिटल सहीचं डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा तो पेनड्राइव्हसारखा तुकडा, माझ्याच पर्समध्ये असायचं, घरी सुद्धा कपाटात ठेवत नव्हते. आजूबाजूच्या गावात ते कुणाच्या खिशात असतं ते सगळ्यांना माहितीय. आणि पहिल्याच ग्रामसभेत मी बोलले होते, नियम सगळ्यांना सारखा. पुढच्या वर्षी आमच्याच चुलत सासऱ्यांचा रस्त्यावर आलेला ओटा काढला तेव्हा गावाला कळलं की बाई नुसती बोलत नाही. सहा महिने त्या घरानं आमच्याशी बोलणं टाकलं. मला तेव्हा अभिमान वाटला होता. तो अभिमान चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. पण पुढचं वाचा.

मे 2020. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं डोंगरातलं, घरटी एक माणूस मुंबईला, बरेचसे माथाडीत. पास मिळायला लागले तशी माणसं गाड्या करून यायला लागली. गावात कोरोनाचं कृती दल होतं, मी अध्यक्ष, पोलीस पाटील, ग्रामसेवक, तलाठी, आशाताई, अंगणवाडीताई. बाहेरून आलेल्यानं 14 दिवस शाळेत राहायचं. बायका डबे करून गेटवर ठेवायच्या, आशाताई रोज ताप बघायची, मी सकाळ-संध्याकाळ चक्कर मारायचे. लोक तुम्हाला आज सांगतील की आम्ही आमच्याच माणसांना वाळीत टाकलं. तेव्हाची भीती विसरलेत सगळे. आमच्या गावात सत्तरीच्या पुढचेच जास्त, जवळचा दवाखाना घाटाखाली, ॲम्ब्युलन्स फोन केल्यावर कधी येईल त्याचा भरवसा नाही. मी काय करायला पाहिजे होतं?

गावातल्या एकाला, वयानं माझ्यापेक्षा लहान, मला वहिनी म्हणणारा, शाळेत अकरावा दिवस होता. ताप नाही, खोकला नाही, काही नाही. त्याची आई घरात, शाळेपासून तिचं घर दिसतं, मधे फक्त ओढा आणि एक वावर. म्हातारी आधीपासून आजारी, कोरोना नव्हता, दम्याचा जुना त्रास. आल्यापासून तो रोज संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर उभा राहायचा आणि ती दारात येऊन बसायची, एवढंच त्यांचं भेटणं. अकराव्या दिवशी पहाटे ती गेली. एकुलता एक मुलगा.

मला साडेपाचला फोन आला. शाळेत पोचले तर तो गेटच्या आत उभा होता, आधीच कळलं होतं त्याला, रडण्याचा आवाज ओढ्यापलीकडून येतोच. म्हणाला, "वैनी, फकस्त पाणी पाजू द्या आईला. लांबनं येतो, लांबनं जातो. कुणाला शिवत न्हाई."

मी तालुक्याला फोन लावला. वीस माणसांची परवानगी आहे, बाकी स्थानिक पातळीवर तुम्ही बघा. एवढंच उत्तर. म्हणजे मीच बघायचं. शाळेच्या बाहेर पंधरा-वीस जण जमले होते, तोंडाला रुमाल बांधून, लांब लांब. एक-दोघं आधीच बोलून मोकळे झाले, तो आला तर आम्ही खांद्याला येणार नाही. आणि खरंच आले नसते. चार माणसं मिळाली नसती तर काय केलं असतं मी? हे मी स्वतःला हजार वेळा सांगितलंय आणि ते खरं आहे.

पण पूर्ण खरं ते नाही.

तेवढ्यात आमचे हे पुढे आले आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, "जाऊ दे गं त्याला. आई आहे त्याची. मी सांगतो ह्यांना." आणि खरंच ते सांगू शकले असते. माझ्यापेक्षा त्यांचं ऐकलं असतं लोकांनी, दोघं नाराज झाले असते पण बाकीचे गप्प बसले असते, दोन पीपीई किट उपकेंद्रात होते, पोरगा घालून गेला असता, आईच्या तोंडात पाणी घालून, अग्नी देऊन परत आला असता. पंधरा मिनिटांत हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं होतं, हे बोलले त्याच्या आधीच आलं होतं, मी होच म्हणणार होते. आणि हे बोलले आणि मी नाही म्हणाले.

नियम सगळ्यांना सारखा, असंच म्हणाले. तेच शब्द.

मला वाटलं आता हो म्हटलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल, बाईचा निर्णय नवऱ्यानं फिरवला. अडीच वर्षं जे मिळवलं ते गेलं. एवढाच विचार होता. गावाच्या आरोग्याचा विचार मी नंतर केला, स्वतःला समजवायला.

तिरडी शाळेच्या रस्त्यानं न्यायला लावली मी. गेटसमोर थांबवली. तो आतून बघत होता, गजांना धरून. मडकं चुलत भावानं धरलं, अग्नी त्यानंच दिला. तिसऱ्या दिवशी सावडलं तेव्हा ह्याचा शाळेतला तेरावा दिवस होता. एका दिवसानं चुकलं ते सुद्धा. चौदा दिवस पुरे झाले तेव्हा तो बाहेर आला, ओढ्यावर अंघोळ केली आणि घरी गेला. दहाव्याला होता. डोकं तेव्हा काढलं.

माझ्यावर चिडणारे तेव्हापासून एक गोष्ट काढतात, की सरपंचबाईची मुलगी मार्चमधे पुण्याच्या होस्टेलवरून आली ती सरळ घरी. हो आली. तेव्हा शाळेत ठेवायचं काही ठरलंच नव्हतं, कृती दल नव्हतं, तिला मी माडीवर चौदा दिवस वेगळी ठेवली होती. हे कुणालाही तपासून बघता येईल. पण रात्री झोप लागत नाही तेव्हा मीच मला विचारते, मुलगी मे महिन्यात आली असती तर? ठेवली असती शाळेत, शंभर टक्के ठेवली असती. आणि मी शाळेत असते, घरी माझी आई गेली असती आणि बाहेर दुसरी कुणी सरपंच असती तर मी गेटवरून उडी मारली असती. त्यानं नाही मारली. मी नाही म्हणाले आणि तो ओट्यावर जाऊन बसला.

आमचे हे म्हणतात, तू बरोबरच होतीस, मी मधे बोलायला नको होतं. नणंद म्हणते एवढं मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, त्या वर्षात कितीजणांना आईबापाचं तोंड बघायला मिळालं नाही. ते पण खरं. पण त्या बाकीच्यांना नाही म्हणणारी मी नव्हते. इथं मी होते, आणि मला हो म्हणता येत होतं.

त्यानंतर अडीच वर्षं मी काम केलं. नीट केलं. जलजीवनची योजना मार्गी लावली, अंगणवाडीची गळती काढली. त्याच वर्षी त्याच्या घराच्या वारस नोंदीचा अर्ज मासिक सभेत आला, आईचं नाव कमी करून त्याचं लावायचं. नेहमीसारखाच ठराव, मृत्यूचा दाखला जोडलेला, दोन मिनिटात मंजूर. सही करताना माझा हात थांबला एवढं मला आठवतं. तो समोर बसला होता. म्हणाला, "झालं का वैनी?" झालं म्हटलं. गेला.

2022ला पॅनलवाले घरी आले तेव्हा मी नाही म्हणाले. लोक म्हणतात मी समाजसेवा सोडली. सोडलेली नाही. श्रावणबाळचे, निराधारचे अर्ज अजून माझ्याच ओट्यावर भरले जातात, तलाठ्याकडे उत्पन्नाच्या दाखल्याला म्हाताऱ्यांसोबत मीच जाते. फक्त हो किंवा नाही म्हणायचं काम मला नको आहे. उद्या पुन्हा तसाच प्रसंग आला आणि पुन्हा कुणी माझ्या बाजूनं बोलायच्या ऐवजी माझ्या वरनं बोललं, तर मी काय करेन हे मला आजही सांगता येत नाही. कधी वाटतं तेव्हाची मी बरोबर होते, बायकांना त्या खुर्चीवर तसंच ताठ बसावं लागतं, एकदा वाकलं की डोंगल पर्समधून गेलंच समजा. मग त्याचे गजाला धरलेले हात आठवतात.

यंदाच्या यात्रेला तो आला होता मुंबईहून, बायको-पोरांना घेऊन. देवळातून परत येताना ओट्यावर टेकला, चहा घेतला. पोरगी मोठी झालीय त्याची. निघताना म्हणाला, "वैनी, पुढच्या टायमाला उभ्या ऱ्हावा. आमी मुंबईची सगळी गाड्या करून येतो मतदानाला."

मी त्याला हो पण म्हणाले नाही आणि नाही पण म्हणाले नाही. पोरीच्या हातावर प्रसाद ठेवला आणि कप उचलून आत गेले.