बीटाचा रस आणि आईचा गुडघा

लग्नाच्या पंगतीत, धरमपेठेच्या भाजीबाजारात, अगदी लिफ्टमध्येसुद्धा हाच प्रश्न येतो. "मॅडम, बीटानं अंगात नायट्रिक ऑक्साइड वाढतं, ते हार्टला चांगलं, म्हणून आम्ही रोज बीटाचा रस पितो. आणि तुम्ही म्हणता, त्याच नायट्रिक ऑक्साइडनं गुडघ्याची कूर्चा मरते. नक्की खरं काय?"

जवळपास दोन्ही. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो, म्हणून आज एकदाच सविस्तर.

नायट्रिक ऑक्साइड हा एक वायू. रक्तवाहिनीत तो चिमूटभर, क्षणभर तयार होतो. वाहिनी सैलावते आणि उरलेला वायू रक्तातलं हिमोग्लोबिन पुसून टाकतं. या शोधाला 1998 चं नोबेल मिळालं, ते योग्यच. कूर्चेत, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीत, मात्र रक्तच नाही. सांध्याला सूज आली की इंटरल्युकिन-1 सारखे निरोपे कूर्चेच्या पेशीला चेतवतात, ती आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवणारं वेगळंच एन्झाइम उभं करते आणि मग भट्टी तासन् तास, दिवस दिवस चालते. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा श्वास अडतो, ऊर्जा आटते, कूर्चेला बळ देणारं नवं कोलॅजन बनणं मंदावतं. त्यात सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचंच एक उपद्रवी रूप, भेटलं तर दोघांचं पेरॉक्सीनायट्राइट होतं, आणि खरी जाळपोळ त्याची.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गुडघ्यांची कूर्चा आमच्या प्रयोगशाळेत डबीतून यायची, शिळ्या खोबऱ्याच्या कापासारखी. त्यातल्या पेशी वाढवायच्या, इंटरल्युकिन घालायचं, दोन दिवसांनी वरच्या पाण्यात नायट्राइट दाखवणारं ग्रीस (Griess) नावाचं रसायन टाकायचं. प्लेट गुलाबी व्हायची. जितका वायू, तितका गडद गुलाबी. (मोजतो आपण नायट्राइट, वायूचं तोवर तेच झालेलं असतं.) त्या गुलाबी रंगानं मला फार शहाणं केलं होतं.

आईचे गुडघे तेव्हा गेलेलेच होते. टेकडीच्या गणपतीला जाणं सुटलं, मग खालच्या मजल्यावरच्या काकूंकडेही. डॉक्टर म्हणाले, बदला. मी म्हटलं, थांब. कूर्चेत वायू बनवणारं हे एन्झाइम अडवणाऱ्या गोळीची परदेशात माणसांवर चाचणी चालू आहे, दोन वर्षांची. मी डॉक्टर नाही, पीएचडीवाली आहे, हे तिला माहीत होतं. तरी ती थांबली. माझ्यासाठी थांबली, हे मला फार उशिरा कळलं.

चाचणीचा निकाल 2013 साली छापून आला. गोळीनं झीज थांबली नव्हती. मी घरी गेले तेव्हा आई पाय लांब करून सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, निवडत होती. सांगितलं. तिनं काडी मोडली, पानं परातीत टाकली.

"काहून, मग येत नाही का गोळी?"

"नाही येत."

"बरं." आणि पुढची जुडी सोडली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी तिथंच समजावत बसले, की रुग्णांची झीज आधीच पुढे गेलेली असेल, मार्ग एकच नसतो, आणि कसं कसं. तिनं मध्येच विचारलं, "जेवशील ना?"

आता कबूल करते. एकटं नायट्रिक ऑक्साइड माणसाच्या कूर्चेची पेशी मारतंच असं नाही, सोबत सुपरऑक्साइडसारखं काही लागतं, हे तेव्हाही छापलेलं होतं. मी वाचलं होतं. पण माझ्या संशोधनाच्या पोस्टरवर खलनायक एकच हवा होता. तरी तेव्हाच्या मला पूर्ण मूर्खही म्हणवत नाही. प्लेट खोटी नव्हती. प्लेटमध्ये फक्त आई नव्हती.

उजवा गुडघा पुढे बदलला. डावा अजून तिचाच आहे आणि नागपूरची थंडी पडली की आधी तो बोलतो. दोन वर्षं आधी केलं असतं तर काय झालं असतं, हे मी तिला विचारलेलं नाही.

बीटाचा रस प्या. मूतखड्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कूर्चेतला वायू पेशी स्वतः बनवते, तो तुमच्या ग्लासातून येत नाही.