मामांच्या छापखान्यातलं एक्सपी

बेळगावच्या शहापुरात मामांचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, गणेशोत्सव मंडळांची पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं, सगळं पेजमेकरमध्ये आणि युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये बसवलेलं. त्या फायली दुसरीकडं उघडल्या की मराठीच्या जागी नुसती भलतीच चिन्हं दिसतात. फाँटचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवर चालतं, तेही यूएसबी डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावल्यावरच. त्या संगणकाच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले होते. आषाढात मी गेलो, तेव्हा तीन-चारदा बटण दाबल्यावर कुठं तो सुरू व्हायचा.

नवं लिनक्स मशीन घ्यायचं आणि त्याच्या आत हेच एक्सपी, काहीही न बदलता चालवायचं, असं मी ठरवलं. आधी चाचणी म्हणून सीडीवरून कोरं एक्सपी टाकायला घेतलं. तास झाला तरी सेटअप पुढं सरकेना. मामा पाठीमागं उभे. "काय करायलास रं? चालू हाय की अडकलंय?"

चालू होतं, पण संगणकात दुसरा संगणक उभा करणारा प्रोग्राम, क्यूएमू, प्रत्येक सूचनेचं सॉफ्टवेअरनं भाषांतर करत होता. प्रोसेसरची मदतच मिळत नव्हती. जुन्या एक्स८६ प्रोसेसरची अडचण अशी, की 'पॉपएफ'सारख्या काही सूचना कमी अधिकारात चालवल्या तर ना चूक दाखवतात, ना पूर्ण काम करतात. त्यामुळं आत चालणाऱ्या, म्हणजे पाहुण्या, सिस्टीमला आपण यंत्राची मालक नाही हे लपून राहत नाही आणि तिच्यावर नजर ठेवणाऱ्यालाही काही कळत नाही. २००३ मध्ये झेन हे अशाच कामाचं सॉफ्टवेअर आलं, त्यानं पाहुण्याचं कर्नलच, म्हणजे सिस्टीमचा गाभाच, बदलायची वाट धरली. पण एक्सपीचं कर्नल मी कुठून बदलणार? २००५ च्या अखेरीस इंटेलनं व्हीटी-एक्स आणलं, पुढच्या वर्षी एएमडीनं आपलं. प्रोसेसरमध्येच पाहुण्यासाठी वेगळी अवस्था आली आणि नाजूक सूचना आली की ताबा यजमानाकडं, म्हणजे बाहेरच्या सिस्टीमकडं, जाऊ लागला. लिनक्समधलं केव्हीएम २००७ पासून हेच वापरतं. २००१ चं एक्सपी, त्याला यातलं काही माहीत असायची गरजच उरली नाही, हे मला आजही फार सुंदर वाटतं.

कर्नलच्या नोंदीत एकच ओळ सापडली: बायोसमध्ये बंद. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे प्रोसेसरची हीच मदत, सुरू केलं, सेव्ह केलं, रीस्टार्ट केलं. तीच ओळ. पुन्हा केलं, पुन्हा तीच. एवढ्यात पावसानं वीज गेली. पाऊण तासानं आली, मशीन लावलं, आणि केव्हीएम उभं! काही बोर्डांवर ही सेटिंग नुसत्या रीस्टार्टनं लागू होत नाही, वीज पूर्ण तोडावी लागते. सेटअप या वेळी चहा होईस्तोवर संपलं.

मग जुन्या डिस्कची जशीच्या तशी इमेज, म्हणजे एका फायलीत पूर्ण नक्कल, काढून ती लावली, तर निळी स्क्रीन, शेवटी ७बी हा चुकीचा क्रमांक. एक्सपीला डिस्कचा कंट्रोलर ओळखू येत नव्हता. उपाय जुन्या संगणकावरच होता. तो कसाबसा पुन्हा सुरू केला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिपसेटच्या आयडीई (डिस्क जोडायच्या जुन्या पद्धतीच्या) ड्रायव्हरच्या जागी विंडोजचा स्टँडर्ड ड्रायव्हर बसवला, बंद केला आणि इमेज नव्यानं काढली. इकडं डिस्क आयडीई म्हणूनच दाखवली. व्हर्टिओ, म्हणजे पाहुण्यांसाठीच बनवलेली डिस्कजोडणी, वेगवान खरं, पण त्याचे ड्रायव्हर एक्सपीत आधी घालावे लागतात, तो धोका मी घेतला नाही.

एक्सपी उघडलं. डोंगल थेट पाहुण्याला जोडून दिलं. नेटवर्क कार्ड मुद्दाम दिलंच नाही, कारण एक्सपीच्या सुरक्षा दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला थांबल्या. फायली पेनड्राइव्हनं आत-बाहेर जातात.

मामांनी एक जुनी लग्नपत्रिका उघडायला लावली, प्रूफ काढलं आणि कपाटातली छापील पत्रिका त्याखाली ठेवून दोन्ही खिडकीच्या उजेडात धरल्या. वेलांटीवर वेलांटी बसली होती. "जोडाक्षरं बघ की," ते म्हणाले आणि बराच वेळ कागद खाली ठेवला नाही.