दर्याची राखण : ससून डॉक ते मांडवा

डिसेंबरातल्या एका पहाटे पाच वाजता कुलाब्याच्या ससून डॉकच्या दरवाजात टॅक्सीतून उतरलो. आत बर्फ फोडण्याचा आवाज चालू होता आणि डोक्यावर कोळंबीच्या टोपल्या घेतलेल्या बायका 'बाजूला, बाजूला' म्हणत माझ्यासारख्या उपऱ्याला भिंतीकडे लोटत होत्या. मासळी घ्यायला मी आलो नव्हतो. आपल्या राज्याची सागरी सुरक्षा योजना कागदावरून पाण्यात उतरते तेव्हा कशी दिसते, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, एवढाच हेतू होता.

सीमा म्हटली की आपल्याला काटेरी कुंपण आणि वाळवंटातील चौकी आठवते. महाराष्ट्राची मात्र परदेशाशी भिडणारी जमिनीवरची हद्द एक इंचही नाही. आहे ती खारी किनार. शाळेत पाठ केलेला तिचा आकडा ७२० किलोमीटरचा होता. खाड्या-वळणांसह नव्याने मोजल्यावर तो ८७७ किलोमीटरांच्या पुढे गेला. किनारा जागचा हलला नाही, पण राखायची लांबी वाढली, असे म्हणायला हरकत नाही.

धक्क्यावर एका बाजूला टेबल टाकून एक सुरक्षा रक्षक बसला होता. समोर रबराचा पट्टा लावलेली वही, तिच्यात बोटीचे नाव, क्रमांक, तांडेल म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या, खलाशी किती, निघण्याची वेळ. एका नाखवाने बनियनच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून दुसरी पिशवी, आणि मग खलाशांच्या ओळखपत्रांचा गठ्ठा. कार्डांवर माशाचे खवले चिकटलेले होते. रक्षकाने अंगठ्याने ते पुसले, नावे जुळवली आणि कागद पुढे सरकवला. बोटीच्या केबिनवर 'आयएनडी एमएच'ने सुरू होणारा क्रमांक ठळक रंगवलेला होता. कोणतीही बोट कुठल्या राज्यातली आणि कुठल्या बंदराची, हे लांबून कळावे यासाठी ही सारी खटपट आहे.

तिच्यामागचा इतिहास मुंबईकराला सांगायला नको, तरी क्रम लक्षात ठेवावा असा आहे. १९९३ च्या स्फोटांसाठीचे आरडीएक्स रायगड जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी येथे उतरले. पुढे केंद्राने २००५ मध्ये किनारी राज्यांसाठी सागरी सुरक्षा योजना आखली : पोलीस ठाणी आणि गस्तीच्या बोटी केंद्राने द्यायच्या, माणसे राज्याने. २६ नोव्हेंबर २००८ ला दहा जण रबरी होडीतून आले, तेव्हा ती योजना चालू होती, हे विसरता येत नाही. त्यानंतर किनारी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे गेली. किनाऱ्यालगतचे पाणी सागरी पोलिसांनी, त्यापुढचे तटरक्षक दलाने राखायचे, अशी कड्यांची रचना झाली आणि २०११ पासून योजनेचा दुसरा टप्पा आला. 'सागर कवच' या नावाने सराव होतात. त्यात एक गट घुसखोर बनतो आणि बाकीचे त्याला शोधतात.

डॉकमधून चालत कफ परेडच्या मच्छिमार नगरला पोहोचलो, तेव्हा उन्हे वर आली होती. दहा जण उतरले ती जागा हीच. मागे उंच इमारती, पुढे कचऱ्याने काळवंडलेली लहानशी पट्टी, तिच्यावर ओढून ठेवलेल्या होड्या. त्या रात्री त्यांना पहिल्यांदा हटकले ते इथल्याच लोकांनी. गणवेशातल्या कोणी नव्हे. पलीकडच्या भिंतीवर सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक रंगवलेले होते, मात्र '१५५४' मधल्या चारावर कोणीतरी जाळे वाळत घातले होते.

जाळे विणत बसलेल्या एका वयस्कर नाखवाशी बोलणे झाले. परकी बोट ओळखता कशी, या माझ्या प्रश्नावर ते हसले. "नंबर मंग वाचायचा, दादा. आधी पान्यात किती बसलीय ती बघायची. म्हावरं भरलं म्हनतात आन् बोट वरच तरंगते, तर काय समजायचं?" भरती-ओहोटीच्या वेळी कोणी उलट तोंड करून उभे आहे, कोणाची जाळी दिवसभर कोरडीच, हे त्यांना सांगावे लागत नाही. एकदा अशीच संशयास्पद बोट त्यांनी कळवली होती. बोट निघाली गुजरातेतली, इंजिन बंद पडलेली. पण जबाब देण्यात दोन दिवस गेले आणि त्या भांगाची, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांची, मासेमारी बुडाली. "फोन करूच," ते म्हणाले, "पन दुसऱ्यांदा करताना हात जरा जड होतो." योजनेच्या आराखड्यात बोटींच्या अश्वशक्तीचा हिशेब असतो, या जड हाताचा नसतो, असे मला वाटते.

यंत्रांनी डोळ्यांची जागा घ्यावी, अशी धडपड चालू आहे. वीस मीटरांहून लांब बोटींना ओळख-यंत्र सक्तीचे आहे. लहान बोटींवर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे बोटीचा ठावठिकाणा कळवणारे यंत्र, बसवण्याची देशव्यापी योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्येच सुरू झाली आणि तिचे लक्ष्य एक लाख बोटींचे आहे. २०२५ च्या जानेवारीपासून मत्स्यव्यवसाय विभागाचे ड्रोनही किनाऱ्यावर फिरू लागले. ही साधने हवीतच. पण २०११ च्या जुलैअखेरीस 'पवित' नावाचे अख्खे रिकामे जहाज भरकटत जुहूच्या वाळूत येऊन रुतले, आणि ६ फेब्रुवारी २०२४ ला कुवेतहून पळून आलेले तीन तामिळ खलाशी आपल्या बोटीसह मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले, तेव्हा कुठे पोलिसांच्या गस्तीला दिसले. जे स्वतःहून ओळख सांगत नाही, ते यंत्राला उशिरा दिसते.

दुपारी गेटवेवर पिशवी तपासून घेतली आणि मांडव्याच्या लाँचमध्ये बसलो. गोदी आणि युद्धनौका मागे पडल्या, सीगल पक्षी शेवेच्या पुड्यांमागे लागले. मांडव्याला उतरून चहा घेतला, जेट्टीवरचा पहारा पाहिला आणि परतीची लाँच धरली.

परतताना उजव्या हाताला बरीच लांब एक बोट दिसली. सकाळचा धडा आठवून मी ती न्याहाळू लागलो : क्रमांक वाचता येईना, पाण्यात किती बसली आहे ते कळेना, तोंड भरतीकडे की ओहोटीकडे तेही ठरवता येईना. दोर गुंडाळत असलेल्या खलाशाला विचारले. त्याने मान अर्धवट वळवली आणि पुन्हा दोराला लागला.

"करंज्याची हाय. आज उशिरा निघाली."